वेगळा माणूस

देवघर वरच्या मजल्यावर हलवायचं मीच ठरवलं आणि कारण दिलं धुळीचं. घराखालची ड्रेनेजची जुनी लाइन बदलायची होती. स्वयंपाकघराची आणि त्याला लागून असलेल्या देवांच्या खोलीची फरशी फुटणार होती, ब्रेकर चालणार होता, त्यामुळे ते कारण घरात सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते फक्त सासूबाईंना. पूजेसाठी कठड्याला धरून एकेक पायरी चढता चढता त्या म्हणाल्या, "रंगाच्या वेळी नव्हते गं हलवले देव. चादर टाकली होती नुसती."

बोलून त्या पुढे गेल्या. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकले. रंगाच्या वेळी भिंती घासल्या होत्या, लांबीचा भुगा घरभर उडत होता, ताटा-वाट्यांपर्यंत पोचला होता. धुळीच्या हिशेबाने पाहिलं तर देव तेव्हा हलवायला हवे होते. मग या वेळी असं काय येणार होतं, जे चादरीने अडलं नसतं?

सोवळं-ओवळं मी मानत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा महिन्याचे चार दिवस बाजूला बसायला मी नकार दिला होता आणि सासूबाईंनीही ते फार ताणलं नव्हतं. पुढे बँकेत नोकरी केली, सगळ्या थरांतल्या माणसांबरोबर डबा खाल्ला, घरी आलेल्या कुणाला कधी जात विचारली नाही. आपण त्यातले नाही, हे मनात इतकं ठरून गेलं होतं की तपासून बघायची गरजच वाटली नव्हती. ती गरज घराखालच्या एका पाइपने निर्माण केली, म्हणून आधी त्या पाइपबद्दल सांगते.

आमचं घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं, १९५०च्या दशकात सासऱ्यांनी बांधलेलं. मूळ नकाशात संडास आणि न्हाणीघर मागच्या बाजूला होतं. त्यांची लाइन अंगणातून, घराच्या कडेने, रस्त्यावरच्या मुख्य गटाराला मिळत होती. घरात माणसं वाढली तसं स्वयंपाकघर मागे सरकलं, त्याला जोडून देवांची खोली निघाली आणि अंगणाखालची लाइन न हलता घराखाली आली. नकाशावर ती तुटक रेघेने दाखवलेली आहे. ती रेघ नेमकी समईच्या खालून जाते हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मुकादमाने नकाशा ओट्यावर पसरला तेव्हा.

लाइन चिनी मातीच्या पाइपची. बांधकामवाले त्याला ‘एसडब्ल्यू’ म्हणतात, म्हणजे स्टोनवेअर. तपकिरी, आतून-बाहेरून चकचकीत. ती चकाकी रंगाची नसते. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास तापली की तिच्यात मीठ टाकतात, खाण्याचंच मीठ. त्याच्या वाफेतलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावतं आणि पाइपच्या अंगावर काचेचा थर चढतो. मैला कुजताना सडक्या अंड्यांच्या वासाचा जो वायू सुटतो, त्याचं पाइपच्या वरच्या ओलसर भागात जिवाणूंमुळे सल्फ्युरिक ॲसिड बनतं. ते काँक्रीट खातं, लोखंड खातं. भाजलेल्या मातीला मात्र ते काही करू शकत नाही. म्हणून हे पाइप शंभर वर्षंही टिकतात.

टिकत नाही तो सांधा. एक नळी साधारण दोन फुटांची, म्हणजे चाळीस फुटांच्या लाइनीत वीसेक सांधे. प्रत्येक सांध्यात सिमेंटच्या पाण्यात भिजवलेला तागाचा पीळ ठासायचा आणि वरून सिमेंटचा मसाला उतरता भरायचा. सिमेंट ताठ, आणि खालची काळी माती पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. कधीतरी केसाएवढी चीर पडतेच. (इथून घरातल्या नात्यांच्या सांध्यांकडे घसरायचा मोह होतो. तो आवरते.) चिरेतून पाणी झिरपतं आणि ओलाव्याच्या मागावर मुळं येतात.

आमच्या कुंपणाशी औदुंबर आहे. दर गुरुवारी सासूबाई त्याला प्रदक्षिणा घालतात. आता काठी टेकत. फरशी फोडून पहिला पाइप उचलला तेव्हा आत पाणी कमी आणि मुळंच जास्त होती. बारीक, तांबूस, एकमेकांत विणलेली, एखाद्या बैराग्याच्या जटेसारखी लांबच्या लांब निघत गेली. मी सासूबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. हेतू फार चांगला नव्हता. त्यांच्या देवाचं झाड गेली किती वर्षं काय पितंय, हे त्यांना दाखवायचं होतं.

त्यांनी वाकून पाहिलं. "मुळांना कसला आलाय विटाळ," म्हणाल्या, आणि मुकादमाला विचारलं की एवढी मुळं तोडल्यावर झाड वाळणार तर नाही ना.

मी ज्याला डिवचायला गेले होते ते तिथे नव्हतंच. नंतर मी त्यावर बराच विचार केला. त्यांचं सोवळं नियमांचं आहे. ते कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. अमुक शिवलं तर आंघोळ करायची, झालं, मिटलं. त्याच्या बाहेर त्या मोकळ्या असतात. माझ्यात जे निघालं त्याला नियम नव्हता, नावही नव्हतं, म्हणून ते कोणत्याच पाण्याने जाण्यासारखं नव्हतं. त्यांच्या सोवळ्याचा पुरस्कार मी करत नाही. त्या सोवळ्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं, आणि त्यांचा तो सहजपणा त्या माणसांना कधी उपयोगी पडला नाही. पण त्यांना ठाऊक होतं की आपण काय मानतो. मला ठाऊक नव्हतं, एवढाच फरक.

आता माणसांकडे वळते. खरं म्हणजे सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

पावसाळा आला की आमची लाइन तुंबायची. न्हाणीच्या जाळीतून पाणी उलटं यायचं, वास सुटायचा, झुरळं निघायची. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. देशभरातल्या शहरांत नळाचं काम करणारी कितीतरी माणसं त्या एका जिल्ह्यातून आलेली आहेत. तिथल्या पट्टामुंडाईला या कामाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. हुशार, मितभाषी, कामाला चोख. तो येऊन चेंबरचं झाकण बघायचा, उघडायचा नाही, आणि म्हणायचा, "आंटी, इसके लिए अलग आदमी आता है।"

मग वेगळा माणूस यायचा. त्याच्याजवळ बांबूच्या चिरलेल्या लांब पट्ट्या, एक आकडा, एक बादली. तो चेंबरमध्ये उतरायचा. आमचा चेंबर कमरेइतका खोल. पट्टी आत सरकवता सरकवता तो मान तिरकी करून थांबायचा, हाताला काय लागतंय याचा अंदाज घ्यायचा, आणि सांगायचा: "इथं दगड नाही काकू, इथं पाइप बसलाय." घराखालच्या न दिसणाऱ्या चाळीस फुटांचा नकाशा त्याला नुसत्या हाताने वाचता येत होता. फरशी फोडल्यावर पाइप खरोखरच तिथे खचलेला निघाला. प्लंबर तेव्हा लांब, कर्दळीच्या आळ्याजवळ उभा असायचा. दोघे एकमेकांशी बोलत नसत.

प्लंबरशी मी कधी घासाघीस केली नाही. त्याचा दर ठरलेला असे आणि आपण कसबाचे पैसे देतोय असं मला वाटत असे. वेगळ्या माणसाचा दर मात्र दर वेळी नव्याने ठरायचा, आणि तो ठरवताना मी आकडा खाली आणलेला आहे. का? त्याला कसब कमी होतं म्हणून? ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. त्याचं काम सोपं होतं म्हणून? तसं म्हणायची माझी हिंमत होणार नाही. मला वाटतं, मला ते काम लवकर संपून तो माणूस लवकर जायला हवा असायचा, आणि पैशांची घासाघीस हा त्याच्याशी बोलायचा मला ठाऊक असलेला एकमेव प्रकार होता. हे कारण पुरेसं नाही. सध्या माझ्याजवळ एवढंच आहे.

त्याचं आडनाव मी विचारलं नव्हतं. मी जात विचारत नाही, हे वर अभिमानाने सांगितलंच. पण त्याच्या बाबतीत न विचारण्याचं कारण वेगळं होतं: मला ते ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. न विचारण्यात मोठेपणा नव्हता, अंदाज होता. आणि तो अंदाज बरोबर असण्याची शक्यता किती दाट आहे, यातच या देशाची सगळी हकीकत येते.

सासूबाईंचं माहेर साताऱ्याचं. त्यांच्या वाड्यात टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून एक बाई यायची, खालचं झाकण सरकवून टोपली रिकामी करायची आणि डोक्यावर घेऊन जायची. बोळात कुणी असलं तर आधी लांबूनच आवाज द्यायची. तिचं नाव सासूबाईंना आठवतं, आवाजही आठवतो. चेहरा नाही, कारण तो कधी नीट पाहिलेला नाही. मुंबई सरकारने १९४९मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहणं थांबवावं, ही त्यातली मुख्य गोष्ट. त्याच्याही आधी, १९३२मध्ये, अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असं तुरुंगाचं म्हणणं होतं. इथे येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडलं. शाळेत आम्हाला हे कोकणचे गांधी म्हणून एका परिच्छेदात शिकवलं होतं. माणसाला एका कामाचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहावं लागलं आणि ते काम हे होतं, हे त्या वयात डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. आज शिरतं. आणि मी ते केलं नसतं, हेही त्याच वेळी कळतं.

सासऱ्यांनी हे घर बांधताना ड्रेनेजची लाइन घातली ती मोठ्या अभिमानाने. आमच्याकडे टोपली नाही, आमच्याकडे कुणी बोळातून येत नाही, ही त्या काळची सुधारणा होती आणि ती खरीखुरी सुधारणा होती. तिला नावं ठेवणं हा कृतघ्नपणा होईल. पण पाइपने माणसाची सुटका केली असं जे आम्ही समजत होतो ते अर्धंच खरं होतं. पाइपने ती बाई आमच्या बोळातून नाहीशी केली, एवढं नक्की. तिचा नातू रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये गेला, आणि मॅनहोल आमच्या खिडकीतून दिसत नाही.

तिथे काय होतं ते पेपरात वाचलेलं असतं. त्याच सडक्या अंड्यांच्या वासाच्या वायूचं प्रमाण वाढलं की आधी नाक बधिर होतं. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, धोका टळला. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला माणूस लावणं हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त महापालिकांना नाही, कुणाही व्यक्तीला लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती तीस लाख केली. आमचा कमरेइतका चेंबर कायद्याच्या व्याख्येत बसतो की नाही यावर वकील वाद घालतील. मी बँकेत होते. व्याख्येतून अंग काढून कसं घ्यायचं हे मला चांगलं समजतं. म्हणूनच तो रस्ता मी स्वतःला देत नाही.

या वेळी मी ठरवलं होतं की कुणी आत उतरणार नाही. ठेकेदाराला तसं लिहून द्यायला लावलं. सक्शनची गाडी आणि जेटिंग मशीन मागवलं. गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे मी स्वतः जाऊन आणले. चेंबर मशीनने रिकामे झाले, तेव्हा मला फार बरं वाटलं. खचलेल्या पाइपच्या पलीकडे मात्र मशीनची नळी जाईना. मुकादमाची माणसं पहार-कुदळीने माती काढत गेली आणि ओला पाइप दिसताच थांबली. सगळी मराठवाड्यातली, दुष्काळाने इकडे आलेली, रोजावर राबणारी. त्यांच्यातला एक म्हातारा मला समजावल्यासारखा म्हणाला, "ह्ये आमचं न्हाई, ताई." आणि मुकादमाने मला न विचारता फोन लावला.

वेगळा माणूस आला. मी हातमोजे पुढे केले. त्याने ते घातले, दोन पाइप काढले, आणि मग मोजे काढून शहाबादी फरशीवर ठेवले. "यानं हाताला कळत नाही, काकू." पाइपची कडा कुठे आहे, काच कुठे फुटलीय, हे बोटांना समजल्याशिवाय त्याला उचलता येईना, आणि खरंच, मी आणलेले मोजे जाड होते, दुसऱ्या कुठल्यातरी कामाचे होते. मी त्याला पुन्हा घालायला सांगितलं. त्याने माझ्यासाठी घातले. माझी पाठ वळल्यावर पुन्हा काढले असणार.

ते मोजे मी कोणासाठी आणले होते? आणताना मला वाटत होतं, त्याच्यासाठी. पण त्याला कोणते लागतात हे मी त्याला विचारलं नव्हतं. त्याचा नंबर माझ्याजवळ होता. दुकानातून बिल मात्र मी पक्कं घेतलं आणि कामाच्या फाइलीत लावलं. बँकेची सवय, असं मी म्हणू शकते. ती सवय आहेच. पण कधी काही झालं, कुणी विचारलं, तर दाखवायला कागद असावा, हाही विचार त्या क्षणी मनात होता. पुसट नाही, अगदी स्पष्ट होता. काळजी आणि बचाव या दोन्ही गोष्टी एकाच बिलात निघाल्या. त्यातली किती टक्के कोणती, हे मला सांगता येत नाही.

लाइन बंद होती तेवढे दिवस घरातले सगळे अंगणातला बाहेरचा संडास वापरत होतो. तो कामाच्या माणसांसाठी बांधलेला, त्याचा चेंबर पलीकडचा, म्हणून चालू होता. तोच मजूरही वापरत. मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिथे फिनेल टाकत असे आणि आमचा मग वेगळा ठेवला होता, खुंटीवर, निळा. आरोग्याच्या दृष्टीने म्हणाल तर चुकीचं काही नाही. सार्वजनिक ठिकाणी मीही काळजी घेते. पण घरात पाहुणे येतात, लग्नकार्यात चाळीस-चाळीस माणसं एक संडास वापरतात, तेव्हा मी वेगळा मग ठेवलेला नाही. देव हलवले होते ते याच हाताने. दोन्हीकडे कारण आरोग्यशास्त्रातून किंवा धुळीतून तयार मिळत होतं, आणि दोन्ही कारणं खोटी नव्हती. खोटं कारण पकडता येतं. खऱ्या कारणामागे लपलेलं दुसरं कारण पकडायला कुणीतरी रंगाच्या वेळची आठवण करून द्यावी लागते.

नवीन लाइन यूपीव्हीसीची, विटकरी रंगाची. नळ्या लांब, सांधे मोजके, रबरी कड्यांचे. मिस्त्रीने चार इंची पाइपला चाळीसास एक असा ढाळ दिला, म्हणजे चाळीस इंच लांबीत एक इंच उतार, सहा इंचीला साठास एक. सूत लावून, लेव्हल धरून. जास्त उतार दिला तर पाणी पळतं आणि मैला मागे राहतो, असं तो म्हणाला. खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरली, खडूने पातळीची खूण केली आणि ती उतरते का हे सगळे बघत बसलो. तो तास मला फार आवडला. माझ्या नवऱ्याने त्यात उगाचच मोबाइलचा टॉर्च धरला होता. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला डोंगरातून पाणी आणणारे खापरी नळ बघायला आम्ही तिकीट काढून गेलो होतो आणि जुन्या लोकांच्या अक्कलहुशारीने थक्क झालो होतो. तीच अक्कल घाण पाण्याच्या पाइपमध्येही लागते, कदाचित जास्तच, पण ते बघायला कुणी येत नाही. जुन्या पाइपचे साबूत तुकडे शेजारच्या वहिनी कोरफड लावायला घेऊन गेल्या.

वेगळ्या माणसाला पैसे द्यायचे झाले तेव्हा मी प्लंबरच्या रोजाइतकेच दिले. आता आकडा खाली आणण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने नोटा न मोजता खिशात टाकल्या, आणि खड्ड्याकडे बघून म्हणाला, "हे चांगलं झालं. आता मला बोलवायला लागणार नाही." हसून म्हणाला. मी हसले नाही, कारण ते वाक्य दोन्ही बाजूंनी खरं होतं. आमच्या गल्लीतल्या जुन्या लाइनी हे त्याचं उत्पन्न होतं. पालिकेच्या ठेकेदाराकडे त्याची नोकरी कंत्राटी. पावसाळ्यातली ही वरकड कामं घर चालवत. कायदा पुनर्वसनाबद्दल बोलतो. नोंदणी झालेल्यांना एकरकमी चाळीस हजार रुपये देण्याची योजना आहे. त्याचं नाव त्या यादीत असेल का? मी विचारलं. तो म्हणाला, "मी पाइपचं काम करतो, काकू. प्लंबिंगचं." आणि कर्दळीकडे उभ्या असलेल्या प्लंबरकडे त्याने एकदा पाहिलं.

या वेळी मी त्याला नाव विचारलं. आडनावासकट. अंदाज बरोबर होता.

देव खाली आणले. सासूबाईंना गोमूत्र शिंपडायचं होतं. नेहमीसारखा वाद मी या वेळी घातला नाही. वाद घालायचा अधिकार आता थोडा कमी झालाय असं वाटलं. देव्हाऱ्यात त्यांनी वारीहून आणलेली चंद्रभागेच्या पाण्याची सीलबंद तांब्याची लोटी आहे. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीच्या धरणात जाते, तिथून सोलापूर पाणी पितं आणि पुढे पंढरपूरला तीच चंद्रभागा होते. पुण्याचा सगळा मैला शुद्ध होऊन नदीत जात नाही, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे घराखालून जे जातं ते वाट वाकडी करून देवापाशीच पोचतं. सासूबाईंना हे सांगावं असं मनात आलं होतं. पण त्या म्हणाल्या असत्या, नदीला कसला आलाय विटाळ. आणि या वेळी त्यांचं उत्तर मला पुरलं नसतं. नदीला विटाळ नसतो, पण सोलापूरकरांना जुलाब होतात.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला: गल्लीतले सामाईक चेंबर यापुढे फक्त मशीननेच साफ करायचे, माणूस उतरवायचा नाही, खर्च घरटी वाटून घ्यायचा. सगळ्यांनी हात वर केले. एक जोशीकाका म्हणाले, "आणि रात्री दोन वाजता तुंबलं तर?" त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि अध्यक्षांनी पार्किंगचा विषय घेतला.

वेगळ्या माणसाचा नंबर माझ्या फोनमध्ये ‘ड्रेनेज’ या नावाखाली आहे. आता मला त्याचं नाव ठाऊक आहे, पण ते मी तिथे लिहिलेलं नाही आणि नंबर पुसलेलाही नाही. आमची लाइन नवी झाली. गल्लीतली अजून चिनी मातीचीच आहे, आणि जुलै यायचा आहे.